सुक्या कचऱ्यातला मिठाचा खडा

सुका कचरा निवडणाऱ्या मावशींनी पिशवीची गाठ सोडली, पण हात आत घातला नाही. आधी पिशवी ताडपत्रीवर उपडी केली, काठीनं पसरली आणि मग खाली बसल्या. "पयला हात घालायचा न्हाई ताई. ब्लेड आसतंय, सुई आसती," हे सांगतानाही त्यांचे डोळे ढिगावरच होते.

पिशवी कुठल्या तरी नीटनेटक्या घरातली होती. चार-पाच दिवसांची वर्तमानपत्रं घडी घालून ठेवलेली, पाण्याच्या दोन बाटल्या, साबणाचे खोके, दुधाच्या पिशव्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं. ओलं काही जाऊ नये म्हणून त्या घरानं काळजी घेतलेली दिसत होती. फक्त मिसळीच्या पार्सलमधली कटाची पिशवी, रबर लावलेली, तळाशी दोन-तीन चमचे कट उरलेली, तीही "प्लॅस्टिक म्हणजे सुका" या हिशोबानं आत गेली होती. गाडीत वरून ओझं पडलं, ती फुटली आणि तर्री वर्तमानपत्रांत मुरली. मावशींनी वरचे दोन अंक उचलून पाहिले. लाल तेलकट डाग पार आतल्या पानांपर्यंत उतरला होता. अख्खा गठ्ठा त्यांनी उजव्या हाताला टाकला. डाव्या हाताला विकायचा माल, उजव्या हाताला कचरा डेपोत जायचं ते. "आता ह्यो कागुद ऱ्हायला न्हाई. ह्याला कोन घेतंय?"

दोन-तीन चमचे कटानं दोनेक किलो चांगली रद्दी गेली. कचऱ्याच्या कामातले लोक या प्रकाराला कंटॅमिनेशन म्हणतात. मराठीत मला भेसळ हाच शब्द जवळचा वाटतो. कोल्हापूरला दुधातली भेसळ समजावून सांगावी लागत नाही आणि मिठाचा एक खडा पातेलंभर दूध नासवतो हेही सांगावं लागत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं असं आपण म्हणतो. कचऱ्यात उलटं आहे, ओल्याबरोबर सुकं कुजतं.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आपण "वेगळा केला" म्हणून समाधानानं दिलेला सुका कचरा पुढं का नाकारला जातो आणि तो कसा वाचवता येईल, हे मला जेवढं समजलं तेवढं इथं मांडते.

भट्टीवाल्याला विचारा

कचरा वेगळा करायचा तो गल्ली स्वच्छ दिसावी म्हणून, अशी आपली एक समजूत आहे. गल्ली तर सगळा कचरा एकाच पोत्यात भरून दिला तरी स्वच्छ दिसते. वेगळं करायचं ते पुढच्या गिऱ्हाइकासाठी. सुका कचरा हा कुणाच्या तरी कारखान्याचा कच्चा माल असतो, आणि कच्चा माल घेणारा तो पारखून घेतो.

हे मला नीट कळलं ते माझ्या धाकट्या दिरांमुळं. ते उद्यमनगरात फौंड्रीत काम करतात. भट्टीत जाणारं भंगार ते डोळे झाकून टाकत नाहीत. जस्ताचा थर असलेला पत्रा बाजूला, रंगाचे जाड पापुद्रे असलेलं बाजूला, आणि शिसं तर नजरेलाही पडू नये. बिडात शिशाचा अगदी बारीक अंश गेला तरी आतल्या ग्राफाइटची ठेवण बिघडते आणि कास्टिंग कमजोर होतं. बाहेरून तुकडा अगदी तसाच दिसतो, दाब आला की तडकतो. मग एकट्या शिशाच्या तुकड्याचं नुकसान होत नाही, त्या भट्टीतून ओतलेला सगळा घाणा वाया जातो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं हे ज्ञान हजारो घरांत आहे. ज्या घरातला माणूस दिवसभर भंगारातला कण अन् कण पारखतो, त्याच घरातली सुक्या कचऱ्याची पिशवी मात्र कुणी पाहत नाही. यात दोष कुणाचा नाही. ती पिशवीसुद्धा भट्टीचा माल आहे, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही.

कागदाची मिल, प्लॅस्टिकचा दाणा पाडणारा कारखाना, काचेची भट्टी, सगळ्यांचं असंच चालतं. रद्दीवाले काका ओल्या गठ्ठ्यातून घट धरतात तेव्हा आपल्याला वाटतं, काटा मारतायत. पुढचा व्यापारी त्यांच्याकडून घट धरतो, मिल व्यापाऱ्याकडून धरते. ओल, तेल, माती ही शेवटी कुणाच्या तरी खिशातून जाते, आणि बहुतेक वेळा या साखळीत सगळ्यात खाली बसलेल्या माणसाच्या.

जगात याचा मोठा दणका २०१८ साली बसला. तोवर अमेरिका-युरोपातली शहरं आपला सुका कचरा जहाजं भरभरून चीनला विकत होती. चीननं २०१७ मध्ये जाहीर केलं आणि २०१८ पासून घरगुती प्लॅस्टिक कचरा आणि न निवडलेली रद्दी घेणं बंद केलं. जो थोडा माल चालत राहिला त्यात भेसळीची मर्यादा अर्धा टक्का ठेवली. शंभर किलोच्या गठ्ठ्यात अर्धा किलो! अमेरिकेत बऱ्याच शहरांत कागद, काच, डबे, बाटल्या असा सगळा सुका माल एकाच मोठ्या डब्यात भरून रस्त्याच्या कडेला ठेवायची पद्धत आहे. तसल्या मालाला ही मर्यादा पाळणं जमण्यासारखं नव्हतं. गठ्ठे गोदामात साचले, काही गावांनी योजनाच गुंडाळली. लोक तर आधीसारखेच मनापासून डबे भरत होते. बदल झाला तो एवढाच की गिऱ्हाइकानं माल उलगडून पाहायला सुरुवात केली.

कागद

कागद म्हणजे झाडाच्या तंतूंची चटई. मिलमध्ये रद्दी मोठ्या हौदात पाण्याबरोबर घुसळतात, चटई सुटते, तंतू मोकळे होतात, त्यांचा लगदा होतो. तो लगदा जाळीवर पसरून वाळवला की तंतू पुन्हा एकमेकांना धरतात आणि नवा कागद तयार होतो. हे सगळं पाण्यावर चालतं, आणि तेल पाण्यात विरघळत नाही. तर्रीचं तेल तंतूंना लपेटून बसतं, तेवढ्या जागी तंतू एकमेकांना धरत नाहीत, कागदावर डाग आणि कच्ची जागा राहते. हौदात सगळं एकत्र घुसळलं जात असल्यानं एका खोक्याचं तेल शेजारच्या चांगल्या खोक्यांनाही लागतं.

नुसत्या पाण्यानंही नुकसान होतं. ओला गठ्ठा दोन दिवस दाबून राहिला की बुरशी धरतो, वास मारतो, तंतू कुजायला लागतात. तसाही प्रत्येक फेरीत तंतू आखूड होत जातो. पाच-सात फेऱ्या झाल्या की त्यात धरून ठेवायची ताकद उरत नाही. म्हणजे कागदाला मुळात मोजकी आयुष्यं मिळालेली आहेत, त्यातलं एक आपण चहाच्या चोथ्याखाली घालवतो.

काही गोष्टी कागदासारख्या दिसतात पण मिलच्या दृष्टीनं कागद नसतात. चहाच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर कप पाच मिनिटांत पाझरला असता. दुकानातली गुळगुळीत बिलं उष्णतेनं काळी पडणाऱ्या रसायनाच्या थराची असतात. ज्यूसचे चौकोनी खोके तर तीन वस्तूंचं सँडविच आहेत: साधारण ७५ टक्के पुठ्ठा, २० टक्के प्लॅस्टिक, ५ टक्के ॲल्युमिनियम. त्यांचं पुनर्चक्रण होतं, पण त्याच कामासाठी उभारलेल्या मिलमध्ये. म्हणून ते रद्दीच्या गठ्ठ्यात कोंबायचे नाहीत, सुक्या कचऱ्यात वेगळे, रिकामे, चपटे करून द्यायचे.

तेलकट पुठ्ठ्याचं काय करायचं? स्वच्छ झाकण फाडून सुक्यात, डागाळलेला तळ ओल्यात. आतून प्लॅस्टिकचा थर नसेल तर त्याचे तुकडे खताच्या कुंडीत चांगले कुजतात. आमच्या घरी केकचा खोका आता असाच दोन भागांत जातो.

बादलीतला प्रयोग

प्लॅस्टिक हे एका वस्तूचं नाव नाही, ते आडनाव आहे. पाण्याची बाटली पेटची, तिचं झाकण पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनचं, दुधाची पिशवी पॉलिथिनची, नळाचा पाइप पीव्हीसीचा. प्रत्येकाचा वितळायचा बिंदू वेगळा, स्वभाव वेगळा.

मुलांना घेऊन एक प्रयोग करून पाहा. रिकाम्या बाटलीचा एक तुकडा कापा, झाकण काढा, दोन्ही पाण्याच्या बादलीत टाका आणि बोटानं दाबून सोडा. बाटलीचा तुकडा बुडेल, झाकण तरंगेल. प्लॅस्टिक धुणाऱ्या कारखान्यात हाच खेळ मोठ्या हौदात चालतो. चुरा पाण्यात सोडतात, पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन वर येतं, पेट तळाशी बसतं. विजेशिवाय, यंत्राशिवाय, नुसत्या पाण्यानं निवड होते.

आता त्यात पीव्हीसीचा तुकडा टाका. तोही बुडतो, पेटच्या शेजारी जाऊन बसतो. पाण्याला दोघांतला फरक कळत नाही. पेट वितळायला साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअस तापमान लागतं. पीव्हीसी त्याच्या बऱ्याच आधी विघटित व्हायला लागतं आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल पेटच्या लांब साखळ्या तोडतं. माल पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके येतात, धागा ओढायला गेलं तर तुटतो. फौंड्रीतल्या शिशाचीच ही गोष्ट आहे, नाव तेवढं बदललं.

आपल्या घरात पीव्हीसी कुठून येतं? त्या दिवशीच्या पिशवीत होतं तिथूनच. गोळ्यांच्या पाकिटाची पारदर्शक, फुगीर बाजू पुष्कळदा पीव्हीसीची असते आणि मागं ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेला असतो. आता एक सवय आठवा: पसारा नको म्हणून आपण चॉकलेटचे कागद, गोळ्यांची पाकिटं, पिना, सगळं रिकाम्या बाटलीत कोंबतो आणि झाकण घट्ट लावून देतो. हेतू चांगला असतो. पण निवडणाऱ्या बाईला ती बाटली उघडून तारेनं रिकामी करायला वेळ नसतो. पाच सेकंदांत डावं की उजवं ठरवायचं असतं. ती बाटली उजवीकडं जाते. बाटली द्यायची ती रिकामी, आतून कोरडी, पिळून चपटी केलेली.

दुधाच्या पिशवीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडं ती घरोघरी असते. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्याला पिशवीचा प्रश्न नाही. बाकी आपल्या सगळ्यांच्या ओट्यावर सकाळी ती असतेच. हे पॉलिथिन चांगल्या प्रतीचं, एकजिनसी असतं, दाणेवाल्याला हवं असतं. तिची वाट लागते ती दोन ठिकाणी. एक, आत राहिलेलं चमचाभर दूध. दुसऱ्या दिवशी ते आंबतं, तिसऱ्या दिवशी अळ्या होतात, आणि त्या वासाची पिशवी कुणी हातात धरत नाही. दुसरं, कोपरा. आपण कात्रीनं कोपरा कापतो आणि नखाएवढा त्रिकोण ओट्यावर पडतो, तिथून मोरीत किंवा केरात. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती. घरटी साडेचार माणसं धरली तर सव्वा लाखाच्या आसपास घरं होतात. घरटी रोज एक त्रिकोण धरून हिशोब करा. इतका बारीक तुकडा कुठलीही मावशी वेचू शकत नाही. तो एकतर खतात मिसळतो, नाहीतर जयंती नाल्यातून पंचगंगेत जातो.

उपाय कात्रीच्या एका हिसक्याचा आहे. कोपरा पूर्ण कापायचा नाही, चीर द्यायची आणि त्रिकोण पिशवीला लटकता ठेवायचा. दूध ओतलं की त्याच पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून हलवायचं, ते पाणी चहात किंवा कुंडीत. मग पिशवी उलटी करून टाइल्सवर चिकटवून ठेवायची, दुपारपर्यंत वाळते. आठवड्याच्या पिशव्या एकत्र रबरात गुंडाळून दिल्या की निवडणाऱ्याला एका हातानं उचलता येतात.

वेफर्स आणि फरसाणच्या चकचकीत पाकिटांचं काम यापेक्षा अवघड आहे. त्यात प्लॅस्टिकचे थर आणि धातूचा मुलामा एकमेकांत असे बसवलेले असतात की परवडेल अशा खर्चात ते सुटे करता येत नाहीत. त्यातली बरीचशी सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला जाळण्यासाठीच उपयोगी पडतात. तीसुद्धा कोरडी असली तर. ओला कचरा जळत नाही, धुमसतो.

काचेबद्दल थोडक्यात. बाटली आणि बरणीची काच एका जातीची. कपबशी, चिनी मातीचं ताट, ओव्हनमधलं भांडं ही वेगळ्या जातीची, त्यांना वितळायला जास्त उष्णता लागते. ती बाटलीच्या भट्टीत गेली तर खड्यासारखी तशीच राहतात आणि नव्या बाटलीत तिथंच तडा जातो. फुटलेली काच कागदात गुंडाळून, वर ठळक लिहून, गाडीवाल्याच्या हातात सांगून द्यायची.

ओल्यातली भेसळ

आतापर्यंत सुक्यात ओलं गेल्याचं बोललो. उलटा प्रवास तितकाच नुकसानीचा आहे, आणि आपला जिल्हा उसाचा असल्यानं तो आपल्याला जास्त जवळचा आहे. ओल्या कचऱ्याचं खत शेवटी शेतात जायचं असतं. शहरी खतात शिसं, कॅडमियम असले जड धातू किती असू शकतात याच्या मर्यादा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात घातलेल्या आहेत. सेल, बटणं, रंगाचे डबे ओल्यात गेले की त्या मर्यादा मोडतात. आणि आदेशाचं राहू द्या, खताच्या पोत्यात सॅशेचे तुकडे आणि काच दिसली तर कुठला शेतकरी ते लावणीच्या सरीत टाकेल? उसाच्या सरीत अनवाणी उतरायचं असतं.

इंदूरचं नाव आपण स्वच्छतेच्या स्पर्धेत दरवर्षी ऐकतो. तिथल्या रस्त्यांपेक्षा मला तिथला गॅसचा कारखाना महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा पचवून त्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प तिथं सुरू झाला. असले प्रकल्प देशात बऱ्याच ठिकाणी उभे राहिले आणि बंद पडले, कारण टाकीत ओल्याबरोबर प्लॅस्टिक, दगड, कापड गेलं आणि पंप अडकले. टाकीतले जिवाणू जनावराच्या पोटासारखे असतात. त्यांना रोज सारखं, स्वच्छ खाणं लागतं. इंदूरच्या घंटागाड्यांना वेगवेगळे कप्पे आहेत आणि निवड दारातच होते, म्हणून त्या टाकीला तसं खाणं मिळतं. प्रकल्पाचं उद्घाटन एका दिवसात होतं. तो टिकतो तो लाखो ओट्यांवर रोज होणाऱ्या निवडीमुळं.

निर्माल्याचंही हेच. पंचगंगेत निर्माल्य सोडू नका, दान करा, ही चळवळ कोल्हापुरात मुरलेली आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण कुंडात पडणारा हार नीट पाहिला तर फुलं नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली, मध्ये चमकीची पट्टी, खाली प्लॅस्टिकचा गोंडा. फुलं आठवड्यात कुजतात, दोरा खत चाळायच्या जाळीला गुंडाळून बसतो. घरात हार उतरवताना दोरा ओढून काढायला दहा सेकंद लागतात. फुलवाल्या मावशींकडं सुती दोऱ्याचा हार मागितला तर बहुतेक जणी देतात, मी मागते.

ज्याला भेसळ म्हणणंही पुरेसं नाही

डायपर, सॅनिटरी पॅड, इंजेक्शनच्या सुया, दाढीची पाती. या गोष्टी सुक्यात गेल्या की मालाची किंमत उतरते हे दुय्यम. त्या एका माणसाच्या हाताला लागतात. मधुमेहाची सुई टोचलेल्या बाईला पुढं कितीतरी दिवस धास्ती घेऊन जगावं लागतं, आणि तिला ती सुई कुठल्या घरातली हेही माहीत नसतं.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते. पॅड आणि डायपर नीट गुंडाळून सुक्याच्याच डब्यात टाका असं त्या नियमांत होतं. गुंडाळणं राहून गेलं, सुक्यात टाकणं तेवढं राहिलं. २०२६ च्या नव्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग केले, ते योग्यच झालं. आपण करायचं ते सोपं आहे: वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर लाल पेननं मोठी खूण करायची, वेगळं द्यायचं. सुया आणि पाती जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवायच्या, झाकण लावून, वर लिहून. एरवी बाटलीत काही कोंबू नका म्हणाले, त्याला हा एकच अपवाद.

मोबाइलची बॅटरी, पॉवर बँक, फुगलेला सेल याही सुक्यात नकोत. गाडीत दाबल्या गेल्या की आतले थर एकमेकांना भिडतात, बॅटरी आपोआप तापते आणि पेट घेते, आणि भोवती सगळा कागद असतो.

मग शहरानं काय करायचं

याबद्दल बोललं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आम्ही वेगळा करतो, पण गाडीत सगळा एकत्रच होतो." ही तक्रार खोटी नाही. मी स्वतः असं घडताना पाहिलं आहे, आणि पुढचे पंधरा दिवस मलाही वेगळं करायचा उत्साह राहिला नव्हता. माणसाचे कष्ट त्याच्या डोळ्यांदेखत मातीत घातले की तो ते कष्ट सोडतो. म्हणून माझ्या मते फलक, भिंतीवरची चित्रं, रिक्षातून घोषणा या सगळ्याच्या आधी गाडीला मजबूत आडवी फळी आणि दोन बाजूंना दोन दारं हवीत. फळी असूनही दोन्हीकडं तेच पडत असेल तर गाडीवरच्या माणसाला दोष देण्याआधी त्याला एका फेरीत किती घरं दिली आहेत ते मोजायला हवं.

पैसे कशाचे मोजतो हाही मुद्दा आहे. कचरा उचलण्याचे पैसे टनावर ठरले की वजन वाढवण्यात फायदा असतो, आणि ओलं मिसळलेलं, पाण्यानं भिजलेलं सगळ्यात जड असतं. पैशाचा काही भाग तरी स्वच्छ निवडलेल्या मालावर ठरला तर दारात "ताई, हे वेगळं करा" म्हणण्यात गाडीवाल्याचंही हित येतं.

अमेरिकेत काही शहरांनी एक साधी युक्ती केली. कर्मचारी सकाळी रस्त्याकडेचे डबे उघडून पाहतात, चुकीची वस्तू दिसली तर तिच्यावर खूण केलेली चिठ्ठी डब्याला अडकवतात, पुन्हा पुन्हा तसंच दिसलं तर डबा न उचलता ठेवतात. वर्षातून एकदा घरी येणाऱ्या माहितीपत्रकापेक्षा "तुमच्या डब्यात काल ही एक वस्तू चुकली" हे माणसाच्या जास्त लक्षात राहतं. त्यांना चिठ्ठी लागते, कारण डबा ठेवून घरातला माणूस निघून गेलेला असतो. आपल्याकडं गाडीचं गाणं ऐकू आलं की माणूस स्वतः बादली घेऊन खाली येतो. समोरासमोर भेट होते, रोज, त्याच वेळी, त्याच माणसाशी! एवढी मोठी सोय त्या शहरांकडं नाही. गाडीबरोबर निवडकाम येणारी एक बाई असावी, तिनं पिशवी उघडून बघावी, एका दिवशी एकच वस्तू दाखवावी, आणि चूक राहिली तर पिशवी परत द्यायचा तिला अधिकार असावा. एका दिवशी एकच वस्तू, हे मी मुद्दाम म्हणते. दहा नियम ऐकून माणूस एकही पाळत नाही.

ती बाई कचरावेचकांपैकीच असली तर उत्तम, कारण हे ज्ञान त्यांच्याइतकं कुणाकडं नाही. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावातच निवड केलेली आहे. पुढं त्याच चळवळीतून आलेल्या स्वच्छ या सहकारी संस्थेच्या सभासद पुण्यात दारोदार कचरा घेतात. निवडलेल्या मालाचे पैसे त्यांना मिळतात, त्यामुळं भेसळ दिसली की त्या जागच्या जागी सांगतात.

आणि पिशवीची गाठ. काळ्या, गच्च गाठ मारलेल्या पिशवीत काय आहे ते कुणालाच दिसत नाही, गाडीवाल्यालाही नाही आणि मावशींनाही नाही. शंका आली की ती तशीच उजवीकडं जाते. सुका कचरा सुटा, बादलीत किंवा उघड्या पोत्यात दिला तर तो दारातच दिसतो. आमच्या जिन्याखाली चार घरांत मिळून सिमेंटचं एक रिकामं पोतं आता हुकाला लटकवलेलं असतं.

फक्त जून लागला की ते पोतं आत घ्यावं लागतं. कोल्हापूरचा पाऊस आडवा येतो, जिन्याखालीही भिजवतो, आणि जून ते सप्टेंबर घंटागाडीवरचा कागद कोरडा राहणं कठीण असतं. म्हणून त्या चार महिन्यांत वर्तमानपत्रं आणि पुठ्ठे आम्ही गाडीत देत नाही. पलंगाखाली रचून ठेवतो, आणि गौरी-गणपतीच्या आधी दोन-तीन दिवस सलग ऊन पडलं की रद्दीवाल्या काकांना फोन करतो. गेल्या खेपेला त्यांनी काटा लावला आणि घट धरली नाही.